भिक्याची राखण

सातपाटी
४ नोव्हेंबर २०२४

आये,

पाया पडते. फोनवरच पडले असते, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन खाटेवर पालथा घालता आणि मी तुमच्या चादरीशी बोलत बसते. म्हणून हे पत्र. ते पालथं घातलंत तरी जमनाताई उचलून वाचणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. ताई, मधली वाक्यं गाळू नका. आणि माझ्या वाक्यांना तुमचा रडका सूर लावू नका, मी रडत नाहीये.

काल भाऊबीजेला दर्पण तुमच्याकडे पामला येऊन गेला. मी दिलेल्या करंज्यांना तुम्ही हात लावला नाहीत, सगळ्या शेजारी वाटल्यात म्हणे. बरं केलंत, शेजाऱ्यांचं तोंड गोड झालं. तुमचा लेक मात्र तोंड एवढंसं करून परत आला. समुद्रात वादळाला न भिणारा माणूस आईपुढे आणि बायकोपुढे गप्प बसतो, आणि मग मधल्या मध्ये पत्रं पोचवायचं काम त्याच्या गळ्यात पडतं.

गणपतीत तुम्ही मला म्हणालात, "तू माज्या नातवाची राखन वाटून टाकलीस." मी म्हणाले, "माझ्या लेकराचं काय करायचं ते मी ठरवीन." तुम्ही मासळीची पाटी डोक्यावर घेतलीत, आणि बाजाराला न जाता थेट लेकीकडे, जमनाताईंकडे गेलात. पाटीत मासळीही नव्हती. त्या दिवसापासून तुमची खाट रिकामी आहे.

पुन्हा एकदा सांगते, म्हणजे ताईंनाही नीट कळेल. मनीषच्या हृदयाला भोक होतं. चार वर्षांपूर्वी पाच महिन्यांच्या बाळाची छाती उघडली, तेव्हा हृदयाच्या वाटेत थायमस नावाची ग्रंथी आडवी आली. छातीच्या हाडामागे, हृदयावर पांघरूण घातल्यासारखी असते ती. सर्जनला हृदयापर्यंत पोचायचं तर तिचा बराचसा भाग काढावाच लागतो. मी सांगितलं म्हणून काढला नाही, आणि मी नको म्हटलं असतं तरी काढलाच असता. प्रश्न फक्त त्या तुकड्याचं काय करायचं एवढाच होता. तुम्हाला तो अंगणात पुरायला हवा होता, त्याच्या नाळेशेजारी. मुंबईच्या त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी विचारलं, संशोधनाला द्याल का, आणि मी हो म्हटलं. तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं. तेव्हा तुम्ही रागावलात, मग पोर हसायला लागलं आणि तुम्ही विसरलात.

यंदा त्याला दोनदा न्यूमोनिया झाला आणि तुम्हाला सगळं आठवलं.

आता परत ताप आहे. पालघरच्या डॉक्टरांनी मुंबईला त्याच हॉस्पिटलात जायला सांगितलंय. ती ग्रंथी म्हणजे अंगाची राखण तयार करणारी जागा. जेवढी आत शिल्लक राहिली ती पुरेशी आहे की नाही, ते तपासायचंय. पुरेशी नसेल तर त्याला शाळा नाही, जत्रा नाही, वाळूत पोरांबरोबर लोळणं नाही. घरात, सगळ्यांपासून लांब ठेवायचं, आणि पुढे काय ते डॉक्टरांनाही आज सांगता येत नाही.

मी घाबरलेली नाही. तारापूरच्या कारखान्यात मी दिवसभर लॅबमध्ये नमुनेच तपासते. रिपोर्ट म्हणजे काय ते मला कळतं.

तुम्ही त्याला भिका म्हणता. देवाकडे भीक मागून आणलेला, म्हणून नजर लागू नये असं नाव. मी मनीषच म्हणते. तो मात्र विचारलं की "भिका" सांगतो.

तुमची,
हिमानी


सातपाटी
२२ नोव्हेंबर

आये,

मुंबईला जाऊन आलो. ताप उतरलाय. रक्त तपासायला दिलंय, त्याचा रिपोर्ट यायला वेळ लागेल. थायमसमधून नव्या पेशी बाहेर पडतायत की नाही, ते त्या रक्तावरून कळतं.

आधी तुमच्या लेकाचा पराक्रम ऐका. ग्रंथी किती उरलीय ते बघायला छातीची सोनोग्राफी होती. पडद्यावर करडं करडं दिसायला लागलं आणि दर्पणच्या अंगात होडी चालवणारा तांडेल शिरला. फिश फाइंडरच्या पडद्यावर मासळीचा थवा बघायची सवय ना. डॉक्टरीणबाई काही बोलायच्या आत हा बोट दाखवून म्हणतो, "ही बघा, हाय की! केवढी मोठी हाय!" बाई म्हणाल्या, "अहो, ते हृदय आहे." त्याचं बोट तिथेच राहिलं. मनीष खाली पडल्या पडल्या म्हणाला, "बाबा, माज्या पोटात मासे हायत?" सगळे हसले. मीही हसले, आणि हसताना दर्पणचा दंड इतका घट्ट धरला होता की त्यावर नखं उमटली.

मग बाईंनी खरी दाखवली. हृदयाच्या पुढे, वरच्या अंगाला, मानेच्या बाजूला एक लहानसा करडा पट्टा आणि त्यात बारीक बारीक पांढरे ठिपके. सर्जनने तिथला थोडा भाग राखला होता. "आहे," त्या म्हणाल्या, "पण काम करते का ते रक्तावरून कळेल." दर्पण त्या ठिपक्यांकडे असा बघत राहिला, जसं कधी थव्याकडेही बघितलं नसेल.

आपण तुकडा संशोधनाला दिला होता हे कळल्यावर त्यांनी शेजारच्या इमारतीतल्या प्रियंकाला बोलावलं. ती याच ग्रंथीवर पीएचडी करते. सफाळ्याची आहे. माझं माहेर शेजारचंच माकुणसार म्हटल्यावर तिने चहा पाजला आणि मी विचारत गेले. आये, मी बीएस्सी झाले, पण आपल्या छातीत हे काय चाललंय ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, राग बाजूला ठेवून ऐका.

हाडांच्या मगजातून कोवळ्या पेशी निघतात. त्यांना काहीच कळत नसतं. रक्तातून वाहत त्या थायमसमध्ये येतात आणि तिथे शिकतात, आपलं कोण, परकं कोण. शिकून बाहेर पडतात त्या जन्मभर अंगाची राखण करतात. ज्या आपल्याच अंगावर उठतील, त्यांना तिथेच संपवलं जातं. आलेल्यांतल्या फार थोड्या बाहेर पडतात.

आणि शिकवतं कोण? त्या ग्रंथीचा सांगाडा. म्हणजे ज्याला आपण नुसता सांगाडा म्हणू तो. प्रियंका त्यांना आधारपेशी म्हणते. त्या जागच्या हलत नाहीत. आल्या गेल्या पेशींना धरून ठेवतात, पुढे ढकलतात, पारखतात. त्यांतल्या काही तर डोळ्याचा, यकृताचा, त्वचेचा, सगळ्या अंगाचा थोडा थोडा मासला स्वतःत बनवतात आणि शिकाऊ पेशींना दाखवतात. हे आपलं, याला हात लावायचा नाही. छातीच्या हाडामागे अंधारात बसलेली ती पेशी, तिने डोळा कधी बघितलेला नाही, आणि ती डोळ्याची ओळख करून देते. हे ऐकून माझ्या हातातला चहा गार झाला.

अजून ऐका. बाळ पोटात असताना ही ग्रंथी आधी गळ्याशी उगवते आणि मग खाली सरकत हृदयाशी येऊन बसते. तेव्हा कोवळ्या पेशी तिथे आल्या नाहीत, तर शिकवणाऱ्या पेशीही नीट वाढत नाहीत. शिकायला कोणी आलं तरच शिकवणारी पुरती तयार होते. दोघी एकमेकींना घडवतात. हे वाक्य मी तुम्हाला उद्देशून लिहिलेलं नाही. लिहिलं असलं तरी ताईंनी ते साध्या आवाजात वाचावं.

तापात, आजारात, उपासमारीत शिकाऊ पेशी ढिगाने मरतात आणि ग्रंथी आक्रसते. पण आधारपेशी बहुतेक टिकून राहतात. आजार सरला की त्याच डागडुजीचे निरोप सोडतात आणि ग्रंथी परत भरायला लागते. मला आपल्या बोंबील वाळवायच्या वलांड्या आठवल्या. बोंबील उतरवले की नुसते बांबू आणि दोऱ्या उरतात. पण बांबू उभे असले की परत भरायला किती वेळ लागतो? मी तसं म्हटलं तर प्रियंका म्हणाली, "पण वहिनी, बांबू काही मासळीला हाका मारत नाहीत. या मारतात."

हाका मारतात, आये. मला तर ते सांगताना अजून काटा येतो.

तेव्हा प्रश्न एवढाच, की त्या लहानशा पट्ट्यात हाका मारणाऱ्या पुरेशा उरल्यात का.

हिमानी


सातपाटी
११ डिसेंबर

आये,

दर्पणबरोबर सुक्या बोंबलांची पिशवी पोचली. पिशवी तुमची आहे हे गाठीवरूनच कळलं, दुसरं कोणी इतकी घट्ट बांधत नाही. निरोपही पोचला. दर्पणने तो पाठ करून आणला होता, दारातच उभं राहून म्हणून दाखवला, "आयेनं इचारलंय, तो दिलेला तुकडा जगला का मेला, येवढं सांग."

तीन महिन्यांत तुम्ही मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मला राग यायला हवा होता, की पोराचं न विचारता तुकड्याचं विचारता. पण राग आला नाही. कारण हाच प्रश्न मी चार वर्षं स्वतःला विचारलेला नाही. दिलं, संपलं, असं धरून बसले होते.

मग गेले. एक दिवस रजा टाकली आणि प्रियंकाच्या लॅबमध्ये जाऊन उभी राहिले. ती आधी गोंधळली. म्हणाली, आमच्याकडे नावं नसतात, येतानाच नावं काढून टाकतात आणि नुसते आकडे राहतात. कोणत्या लेकराचं काय, ते तिला शोधायची मुभाही नाही आणि शोधता येतही नाही. मी म्हटलं, माझी सासू ऐकणार नाही. ती म्हणाली, "मग तुम्ही बघून तर जा, काय सांगायचं ते नंतर ठरवा."

तिने सांगितलं, असे तुकडे आले की त्यांच्या बारीक चकत्या करून उबेत, अन्नपाण्यात ठेवतात. आतल्या शिकाऊ पेशी थोड्या दिवसांत निघून जातात, मरतात. राहतात त्या आधारपेशी. रिकाम्या घरात बसून असतात तशा. काही गोठवून ठेवतात, वर्षानुवर्षं. गोठवलेल्या बाहेर काढल्या, ऊब दिली, की पुन्हा पसरायला लागतात. आणि त्यांच्यात नवख्या कोवळ्या पेशी सोडल्या, दुसऱ्याच कोणाच्या, तर पुन्हा शिकवायला घेतात.

परदेशात काही बाळं थायमसशिवायच जन्माला येतात, म्हणजे आपल्याकडेही येत असतील. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये दुसऱ्या बाळाचा जो तुकडा निघतो, त्याच्या अशा चकत्या तिकडे या थायमस नसलेल्या बाळाच्या मांडीत बसवतात. मांडीत, आये! आणि तिथे बसून त्या आधारपेशी त्या परक्या बाळाच्या पेशींना शिकवतात, की हे बाळ आपलं, याची राखण करा. इथे अजून ते होत नाही. प्रियंका ज्या कामात आहे ते त्याच्या आधीचं, आधारपेशी हाका कशा मारतात ते समजून घेण्याचं.

मग तिने मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला दिला. कारखान्यात मी रोज बघते, मला वाटलं होतं काय नवीन असणार. खाली हिरव्या रंगाच्या, हात लांबवलेल्या पेशी होत्या. एकीचा हात दुसरीला, दुसरीचा तिसरीला, सगळीकडे जाळं. जाळ्याच्या डोळ्यांत गोल गोल लहान ठिपके अडकलेले. ती म्हणाली, ते गोल म्हणजे शिकायला आलेले.

मी विचारलं, कोणाच्या या. ती म्हणाली, कुठल्या तरी बाळाच्या. मी परत डोळा लावला. मनीषच्या असतील, नसतील. कोणाच्या का असेनात, कोणीतरी आई बाहेर बाकावर बसून हो म्हणाली होती म्हणून त्या तिथे होत्या. मला तिथून हलवेना. प्रियंकाने खुर्ची दिली.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. जगला की मेला, मला माहीत नाही, आणि ते कोणालाच कळणार नाही. पण तसे तुकडे जगतात. मी बघितलं.

रिपोर्ट अजून नाही. फोन वाजला की मी आधी हात पुसते, मग उचलते. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की मी घाबरलेली नाही. ते वाक्य ताईंनी खोडून टाकावं.

हिमानी


सातपाटी
३ जानेवारी २०२५

आये,

आला! रिपोर्ट आला!

नव्या पेशी येतायत. भरपूर नाही, त्याच्या वयाच्या मानाने कमी, पण येतायत. सोनोग्राफीही पुन्हा केली. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या नंतरच्या नोंदी शोधून काढल्या होत्या. तेव्हा वरच्या बाजूला नखाएवढा तुकडा राहिला होता, आणि आता तो चांगला बोटभर पसरलाय. जिथून कापून नेला तिथे, हृदयाच्या पुढे, परत आपली जागा धरून बसलाय. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी औषध दिलं नव्हतं. चार वर्षं पोर वाळूत खेळत होतं, बोंबील पळवत होतं, तुमच्या पाटीत बसून झोपत होतं, आणि आत त्या मूठभर आधारपेशी हाका मारत बसल्या होत्या.

दर्पणने या वेळी पडद्याकडे बोट केलं नाही. हात मागे बांधून उभा होता. बाईंनी विचारलं, "सांगा, कुठे आहे?" तर म्हणाला, "तुमीच सांगा बाई, मना आता काय बी कळत नाय." आणि बाहेर जाऊन जिन्यात बसला. मी गेले तर रुमालात तोंड घालून रडत होता.

डॉक्टर म्हणाल्या, जपायला लागेल. ताप आला की अंगावर काढायचा नाही, लस विचारल्याशिवाय द्यायची नाही, दर सहा महिन्यांनी रक्त बघायचं. पण लांब ठेवायची गरज नाही. जूनपासून शाळा.

एक विचारलं मी त्यांना, तुमच्यासाठी. तो तुकडा अंगणात पुरला असता तर? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काढलेल्याचं काहीही केलं असतं तरी आतल्याचं हेच झालं असतं." म्हणजे दोघी उगाचच भांडलो. मी देऊन त्याचं नुकसान झालं नाही, तुम्ही पुरून फायदा झाला नसता. भांडायला काही उरलंच नाही, आता काय करायचं बोला.

संक्रांत येते आहे. प्रियंका म्हणते, सासूबाईंना आणा, त्यांनाही दाखवते. तिला तुमचा स्वभाव मी पुरता सांगितलेला नाही.

या ना, आये. तो रोज तुमच्या खाटेवर चढतो आणि उतरताना विचारतो, "आजी कंदी येल?" मी सांगते, हाक मार. तो पामच्या दिशेला तोंड करून खरंच मारतो.

हिमानी


सातपाटी
२७ जानेवारी

जमनाताई,

हे पत्र तुम्हालाच. मोठ्याने वाचू नका, ऐकणारं माणूस इथे आहे. दोन दिवसांसाठी आलेय असं सांगून एक पिशवी घेऊन आल्यात, आणि आल्यापासून त्या दोन दिवसांचा विषय कोणी काढलेला नाही. मीही काढत नाही, तोंडाला कुलूप लावलंय.

काल मुंबईला गेलो होतो, प्रियंकाकडे. ती सुट्टीचीही कामावर असते. जाताना गाडीत आये पदर मुठीत धरून बसल्या होत्या. पदराच्या टोकाला काहीतरी गाठ मारलेली होती, मला वाटलं सुपारी असेल. लॅबच्या दारात प्रियंकाने चपला काढायला लावल्या, अंगावर झगा, डोक्यावर टोपी. आये म्हणाल्या, "देवळात बी येवढं सोवळं नसतं."

आत गेल्यावर त्यांनी गाठ सोडली. माती होती. आपल्या अंगणातली, नाळ पुरली तिथली. म्हणाल्या, "तुकडा मातीत आला नाय, तर मी म्हंटलं, माती तुकड्याकडं नेऊ. चिमूटभर टाक ग त्या भांड्यात."

प्रियंका पांढरीफटक पडली. मी आयांचा हात धरला. त्या लॅबमध्ये धुळीचा कण पडला तर सगळं नासतं, ते कसं सांगावं मला कळेना. प्रियंकाच म्हणाली, "आजी, यांना माती सोसत नाही हो. अजून फार कोवळ्या आहेत." आये तिच्याकडे बघत राहिल्या. मग गाठ परत मारली, म्हणाल्या, "कोवळ्या हायत तर ऱ्हाऊ दे," आणि भिंतीशी नळावर जाऊन हात धुऊन आल्या, कोणी न सांगता, कोपरापर्यंत.

मग मायक्रोस्कोप. आधी चुकीचा डोळा मिटला, म्हणाल्या, "मना माज्या पापन्याच दिसतायत." मग दिसलं. वाकून वाकून पाठ दुखली असेल, पण डोळा काढेनात. शेवटी हळूच म्हणाल्या, "जाल्यावानी हाय. हात धरलेत एकमेकींनी." मग, "या भिक्याच्या?"

प्रियंका म्हणाली, "माहीत नाही, आजी. कोणाच्याही असतील."

मला वाटलं, झालं, आता फिसकटलं सगळं. आये सरळ झाल्या. त्यांनी दोन्ही हात त्या यंत्रावरून ओवाळले, कानशिलाशी नेले आणि कडाकडा बोटं मोडली. सगळीच्या सगळी. म्हणाल्या, "कुनाच्या का असंनात. कोवळ्या हायत, दिष्ट लागंल."

प्रियंका तोंड वळवून काहीतरी पुसत बसली. मी तर उघड उघड रडले, तुमच्या सुरात.

बाहेर आल्यावर आयांनी आवारातल्या करंजाच्या बुंध्याशी ती माती सोडली आणि वर पायाने नीट दाबली. चालताना मला म्हणाल्या, "पुन्ना कोनी मागितलं तर दे. पन मला इचारून दे." मी म्हटलं, "आये, पुन्हा कोणी मागायला नको." त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. चार महिन्यांनी.

आज सकाळपासून भिका त्यांच्या खाटेवरून हललेला नाही. आत्ता दोघं शेजारी झोपलेत. त्याचा हात त्यांच्या पदराच्या रिकाम्या गाठीत अडकलाय आणि त्यांचा तळहात त्याच्या छातीवर आहे, टाक्यांच्या व्रणावर, नेमका तिथे.

तुम्ही इतकी पत्रं वाचलीत, त्याबद्दल काय म्हणू. या एकदा राहायला.

तुमची,
हिमानी

ता. क. आये जाग्या झाल्या. कोणाला लिहितेस विचारलं, तुमचं नाव सांगितलं. म्हणाल्या, "जमनाला लिव, माजी पाटी तिथंच ऱ्हायलीय. दर्पनच्या हाती पाठवून दे."